डाइव्ह कॉम्प्युटरमागचा माणूस : जॉन स्कॉट हाल्डेन

पेण-रोह्याहून कोकण रेल्वेने मालवणला स्कुबासाठी जाताय? खोल उतरणाऱ्यांच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो. वर येताना कुठे, किती मिनिटं थांबायचं ते तो सांगतो. हे गणित मुळात हाल्डेन यांचं.

1860 मध्ये एडिनबर्गला जन्मलेले हाल्डेन शिकले डॉक्टरकी, पण रमले खाणीतल्या विषारी वायूंमध्ये. प्रयोग स्वतःवरच करायचे.

तेव्हा खोलातून वर आलेले पाणबुडे लुळे पडत, काही दगावत. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. झटकन वर आलं की सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात. ब्रिटिश नौदलासाठी हाल्डेन यांनी शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून पाहिलं. दाब निम्मा होईपर्यंत सहसा त्रास होत नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं : आधी निम्म्या दाबापर्यंत या, पुढे टप्प्याटप्प्याने थांबा. 1906 मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात डॅमंट आणि कॅटो असे 64 मीटरवरून सुखरूप वर आले. 1908 मध्ये तक्ते छापले गेले.

हाल्डेन 1936 मध्ये वारले. तक्ते पुढे बदलले, पण टप्प्यांची पद्धत टिकली.

समुद्र खवळलेला असेल तर उथळ थांब्यावर लाट तुम्हाला वर-खाली नेते, दाब सतत बदलतो. म्हणून शेवटचा थांबा 3 ऐवजी 5-6 मीटरवर घेतात आणि तेवढी हवा टाकीत राखतात. थांबा पूर्ण करणं जमणार नसेल, तर त्या दिवशी उतरूच नका.