पिंग : एका संध्याकाळचं काम

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. तुम्ही अंबडला असा, परतूरला असा की जालना शहरात, चित्र तेच. पान उघडत नाही आणि स्क्रीनवरचं गोल चक्र फिरतच राहतं. मग सुरू होतात अंदाज. एक म्हणतो वायफाय गेलं. दुसऱ्याच्या मते साइटच पडली. तिसरा कोणाला न विचारता राऊटर बंद-चालू करून मोकळा होतो. नेट कॅफेवाले काका कनेक्शनवाल्याला फोन लावतात, तो सांगतो आमच्याकडून सगळं ओके आहे. चौघांची चार मतं आणि पुरावा कोणाकडेच नाही.

हे भांडण मिटवायचं साधन एका पंचवीस वर्षांच्या पोराने १९८३ च्या डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी लिहून ठेवलं. त्याचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. त्याने दिलेला शब्द मात्र तुमच्या तोंडात रोज असतो. गेम खेळताना पिंग वाढलं म्हणून तुम्ही ओरडता ना, तेच ते पिंग. नेटवर्कवाल्यांच्या जगात मात्र माइक मूस हे नाव मोठं आहे.

मायकेल जॉन मूसचा जन्म १६ ऑक्टोबर १९५८ चा, अमेरिकेतल्या आयोवा सिटीचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९७९ मध्ये त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. कॉलेजात असताना त्याला दोन गोष्टींनी धरलं. एक म्हणजे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. दुसरी म्हणजे सोनार आणि रडार. आवाज किंवा लहर सोडायची, ती समोरच्या वस्तूवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचं, याची गणितं त्याने तेव्हा भरपूर केली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पदवीनंतर तो मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनला, अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत कामाला लागला. नावावरून कळतंच, ही जागा तोफगोळ्यांच्या हिशेबाची. एनियाक हा सुरुवातीचा अवाढव्य इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर याच लॅबसाठी बांधला गेला आणि १९४७ मध्ये इथे आणून बसवला गेला. म्हणजे इंटरनेटचं हे सगळ्यात निरागस वाटणारं साधन युद्धाच्या कारखान्यात जन्मलं. मला हे वाचताना थोडं खटकलं, पण त्या काळातलं बहुतेक नेटवर्क लष्कराच्याच पैशावर उभं होतं, हेही खरं.

माइक तिथे गप्प बसून पगार घेणाऱ्यांपैकी नव्हता. १९८१ मध्ये, जेमतेम तेवीस वर्षांचा असताना, टीसीपी-आयपी या नव्या नेटवर्क पद्धतीवर काम करणाऱ्या लोकांचे प्रश्न आणि उत्तरं एकत्र करून सगळ्यांना पाठवणारी एक इलेक्ट्रॉनिक पत्रिका त्याने चालवायला घेतली. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या जुन्या नेटवर्कने अधिकृतपणे हीच पद्धत स्वीकारली. आजचं तुमचं-आमचं इंटरनेट त्याच पायावर उभं आहे.

पाया नवा होता, म्हणून रोज काहीतरी बिघडायचं. नेटवर्कवर माहिती सलग धारेसारखी जात नाही, छोट्या छोट्या पाकिटांत जाते. प्रत्येक पाकीट एका राऊटरकडून दुसऱ्याकडे ढकललं जातं. मधे कुठे हरवलं तर पाठवणाऱ्याला एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. समोरचं मशीन बंद आहे, मधली तार सैल आहे की आपलंच बिनसलं आहे, हे युनिक्सवर बसलेल्या माणसाला विचारायला सोपी सोय नव्हती.

गंमत म्हणजे विचारायची सोय नियमांत आधीपासून होती. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आयसीएमपी नावाच्या नियमावलीचा दस्तऐवज लिहिला होता. त्यात प्रतिध्वनीचा एक निरोप आहे. हा निरोप ज्याला मिळेल त्याने तो जसाच्या तसा परत पाठवायचा, बास. जुलै १९८३ मध्ये नॉर्वेत एक बैठक झाली. तिथे डेव्हिड मिल्स हे शास्त्रज्ञ बोलता बोलता म्हणून गेले की आपण असे प्रतिध्वनीचे निरोप सोडून वाटेत किती वेळ लागतो ते मोजतो. माइकने ते डोक्यात ठेवलं.

डिसेंबरमध्ये लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. माइकला मिल्स यांचं बोलणं आठवलं आणि तो लिहायला बसला. साधारण हजार ओळींचा प्रोग्राम एका संध्याकाळी तयार झाला. युनिक्सच्या गाभ्यात असे निरोप थेट सोडायची सोय नव्हती, तीही त्याने स्वतःच घातली. नाव दिलं पिंग, पाणबुडीतल्या सोनारचा आवाज येतो ना, त्यावरून. पुढे मिल्स यांनी त्याचं एक लांबलचक इंग्रजी पूर्ण रूप शोधून काढलं आणि काही पुस्तकांत तेच छापलं जातं. एमसीक्यूमध्ये आलं तर काय ते तुम्ही बघा, पण ज्याने नाव ठेवलं त्याच्या मनात फक्त तो आवाज होता.

आपल्याकडे हे समजवायला पाणबुडी कशाला हवी? नव्या बोअरमध्ये खडा टाकून कान लावून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. डुबुक आवाज आला की पाणी आहे. किती वेळाने आला त्यावरून किती खोल आहे. आवाजच आला नाही तर कोरडा, किंवा मधेच काहीतरी अडकलंय. पिंग हेच करतो. दर सेकंदाला एक खडा टाकतो आणि मोजत बसतो.

आता कॅफेतल्या त्या चौघांकडे या. विंडोजच्या सर्चमध्ये सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा, काळी खिडकी उघडेल. आधी आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. त्यात डीफॉल्ट गेटवे म्हणून एक आकडा दिसेल, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तुमच्या राऊटरचा पत्ता. पिंग लिहून एक जागा सोडून तो आकडा टाका. उत्तर आलं नाही, तर प्रश्न बहुधा खोलीतच आहे, वायफाय किंवा वायर बघा, कंपनीला शिव्या देऊ नका. उत्तर आलं, तर पुढे जा आणि ८.८.८.८ ला पिंग करा. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता, लक्षात राहायला सोपा. राऊटर बोलतो पण हा बोलत नाही, म्हणजे बिघाड राऊटरच्या पलीकडच्या लाइनमध्ये असण्याची शक्यता जास्त. तेव्हा कंपनीला फोन करा, आणि फोनवर नेट चालत नाही एवढंच सांगण्याऐवजी हे निकाल वाचून दाखवा. समोरच्याचा सूर बदलतो.

तिसरी पायरी अनेकांना ठाऊक नसते. आकड्याला उत्तर येतं आणि साइटच्या नावाला पिंग केलं की होस्ट सापडत नाही असं येतं. मग लाइन धडधाकट आहे, फक्त नावाचं आकड्यात रूपांतर करणारी डीएनएस नावाची डिरेक्टरी बसलेली आहे. राऊटर दहा वेळा बंद-चालू करूनही अशा वेळी काही होत नाही. सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता बदलला की काम होतं.

आलेल्या उत्तरांतले मिलिसेकंदही वाचा. जालना ते मुंबई साधारण चारशे किलोमीटर धरा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन आठशे किलोमीटरला चार मिलिसेकंद. याच्या खाली कुठलीच कंपनी जाऊ शकत नाही, प्लॅन कितीचाही घ्या. तार सरळ रेषेत जात नाही आणि मधे राऊटर असतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा मोठाच येतो. अमेरिकेतल्या सर्व्हरला दोनशेच्या आसपास किंवा पुढे गेला तर दचकू नका. पण शेजारच्या खोलीतला राऊटरच शंभर दाखवत असेल, तर वायफायमध्ये नक्की गडबड आहे.

पिंगचा एक किस्सा माइकला फार आवडायचा. तो त्याला एका परिषदेत कोणीतरी सांगितला होता. एका नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाच्या इमारतीत कनेक्शन अधूनमधून तुटत होतं. कोणती जोडणी सैल आहे ते सापडेना. त्याने पिंगचं उत्तर आवाजात बदलणाऱ्या प्रोग्रामला जोडलं आणि तो आवाज ऑफिसातल्या स्टिरिओवर मोठ्याने लावला. कॉम्प्युटर दर सेकंदाला पिंग पिंग ओरडत बसला. हा पठ्ठ्या इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवत गेला. एका ठिकाणी हात लावला आणि आवाज थांबला. सापडला बिघाड.

माइकने पिंग विकला नाही. तो सरकारी नोकर होता आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवला गेला. बर्कलेच्या लोकांनी तो आपल्या युनिक्समध्ये घेतला, तिथून तो बाकीच्या सिस्टीम्समध्ये आणि पुढे विंडोजमध्ये गेला. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेव्हा पिंग बारा वर्षांचा होत आला होता.

त्याचं खरं काम मात्र वेगळंच होतं आणि ते आपण विसरतो. रणगाड्यासारख्या वस्तूचं घन मॉडेल कॉम्प्युटरमध्ये बांधून त्यावर किरण सोडून तपासायचं, यासाठी लॅबला सॉफ्टवेअर हवं होतं. बाजारात पुरेसं काही मिळेना, म्हणून १९७९ पासून माइकच्या नेतृत्वाखाली ते तिथेच घडायला लागलं. त्याचं नाव बीआरएल-कॅड. वर्षानुवर्षांची मेहनत त्यात गेली. प्रसिद्धी मिळाली ती हजार ओळींच्या पिंगला. त्याने पुढे हसत हसत लिहून ठेवलं आहे की हेच आपलं सगळ्यात गाजलेलं काम ठरणार हे माहीत असतं, तर आणखी एक-दोन दिवस घालून थोड्या सोयी वाढवल्या असत्या.

त्याने उघडलेल्या दारातून दुसरेही गेले. व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ट्रेसराऊट लिहिला, विंडोजवर त्याचंच भावंड ट्रेसर्ट म्हणून मिळतं. पाकीट किती राऊटर ओलांडू शकतं याचा एक आकडा त्याच्यावर लिहिलेला असतो. तो आधी एक ठेवायचा, मग दोन, मग तीन. ज्या राऊटरवर आकडा संपतो तो परत निरोप पाठवतो आणि वाटेतले थांबे एकेक करून कळतात. त्यासाठी माइकने युनिक्सच्या गाभ्यात केलेलं काम उपयोगी पडलं. ही कल्पना मला सुचायला हवी होती, असं त्याने मोकळेपणाने कबूल केलं आहे.

पिंगचा वाईट वापरही झाला. १९९० च्या दशकात ठरलेल्या मापापेक्षा मोठं पिंग पाठवून समोरचं मशीन पाडायची युक्ती निघाली. मशीन्स दुरुस्त झाली, पण अनेक सर्व्हर तेव्हापासून पिंगला उत्तरच देत नाहीत. म्हणून एखाद्या साइटने उत्तर दिलं नाही, तर ती मेली असं लगेच ठरवू नका. ब्राउझरमध्ये उघडत असेल तर ती फक्त बोलत नाहीये.

२० नोव्हेंबर २००० ला मेरीलँडमध्ये इंटरस्टेट ९५ महामार्गावरच्या अपघातात माइक गेला. वय बेचाळीस. बीआरएल-कॅड सगळ्यांसाठी खुलं झालं ते डिसेंबर २००४ मध्ये, तो ते पाहू शकला नाही. पिंगची जुनी फाइल आजही वाचायला मिळते. वरच्या टिपणीत त्याचं नाव आहे, लॅबचं नाव आहे, डिसेंबर १९८३ ही तारीख आहे. खाली त्रुटींच्या रकान्यात त्याने नोंदवलं आहे की आणखी आकडेवारी कधीही गोळा करता येईल.