घार नव्हे, ऑस्प्रे! – पक्षी ओळखायला शिकवणारे सलीम अली

राजस्थानात भरतपूर नावाचं शहर आहे. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात पाण्यावर एक मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसतो. आपल्यातला कुणीही त्याला घारच म्हणेल. पण तो आहे ऑस्प्रे. घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, याची नसते. याची पाठ तपकिरी, पोट पांढरं, आणि पांढऱ्या डोक्यावर डोळ्यातून मागे जाणारा काळसर पट्टा. पंख फडफडवत हवेत जागच्या जागी थांबतो आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडतो. त्याच्या तळव्यांना बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासाही सुटत नाही. मग माशाचं तोंड पुढे करून तो उडून जातो.

पक्ष्यांकडे असं बारकाईने बघायला ज्यांनी आपल्याला शिकवलं, ते सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. तीन वर्षांचे होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. मामा-मामींनी वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे लहानग्या सलीमलाही छऱ्याची बंदूक मिळाली. एकदा त्याने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर गळ्यावर पिवळा डाग! मामांनाही नाव सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्डसाहेब. त्यांनी त्या चिमणीची ओळख तर सांगितलीच, शिवाय पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. मेलेल्या एका चिमणीपायी पोराला पक्ष्यांचं वेड लागलं ते लागलंच.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून पक्षितज्ज्ञाची सरकारी नोकरी हुकली. बर्लिनला जाऊन शिकून आले, तर मुंबईतली पहिली जागाही बंद झालेली. मग १९३० साली पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर बसून ते तासन्‌तास बघत. सुगरण म्हटलं की आपल्याला बाईच वाटते. पण घरटं विणतो तो नर! मादी अर्धवट घरटं तपासते, पसंत पडलं तरच राहते. नर मग दुसरं घरटं विणून दुसऱ्या मादीची वाट बघतो. हे सलीम अलींनी जगाला दाखवून दिलं. बिनपगारी दिवसांतलं हे काम आहे बरं!

१९३९ साली शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. रानोमाळ त्यांच्याबरोबर हिंडणारी सोबतीण गेली. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. पक्षी केवढा, तर चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, असं त्यात सांगितलं आहे. शेतात उभ्या माणसालाही ते लगेच कळतं. ऑस्प्रे साधारण घारीएवढा असतो.

आता पुन्हा भरतपूर. ही पूर्वी राजांची शिकारीची जागा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आले असता तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. ती संख्या तिथल्या दगडावर कोरलेली आहे. नेमका त्याच दिवशी सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता! स्वातंत्र्यानंतर काही लोक म्हणू लागले, तळं आटवून शेती करू. शेतकऱ्याला जमीन हवी, हेही खोटं नाही. पण सलीम अलींनी सरकारदरबारी आपलं वजन खर्च करून तळं वाचवलं. तिथे पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घातली. त्यातली काही पार सायबेरियात सापडली. १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. १९८७ साली, नव्वदी ओलांडून, सलीम अली वारले.

ऑस्प्रे बघायला भरतपूरलाच जायला हवं असं नाही. हिवाळ्यात तो पैठणच्या नाथसागरावर आणि भिगवणला उजनीच्या पाण्यावरही येतो. पालकांबरोबर गेलात तर आधी शेपटी बघा, मग डोळ्यावरचा पट्टा.