कारागिरांच्या दारी गेलेल्या कमलादेवी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात नव्या भारताचे जे चित्र रेखाटले जात होते, त्यात मोठी धरणे होती, पोलादाचे कारखाने होते आणि गिरण्यांची उंच धुराडी होती. चरख्याला भाषणांत मान होता. पण ठसाछपाई करणारा छिपा, नीळ कालवणारा रंगारी, भरतकाम करणारी खेड्यातील स्त्री यांना त्या चित्रात फारशी जागा नव्हती. त्यांची कला आज ना उद्या संपणारच, असे अनेक जाणती माणसेही गृहीत धरून चालली होती. हे गृहीतक अमान्य करून कारागिरांच्या दारापर्यंत जाणाऱ्या आणि त्यांच्या कामाला उपजीविकेचे स्थैर्य मिळावे म्हणून आयुष्याची चार दशके वेचणाऱ्या विदुषी म्हणजे कमलादेवी चट्टोपाध्याय.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील सरकारी सेवेतील अधिकारी. त्यांचे छत्र लहानपणीच हरपले. चौदाव्या वर्षी विवाह आणि दोनच वर्षांत वैधव्य असा आघात कमलादेवींच्या वाट्याला आला. त्या काळात एवढ्याने एखाद्या मुलीचे आयुष्य संपून जात असे. कमलादेवींनी मात्र मद्रासला शिक्षण सुरू ठेवले आणि सरोजिनी नायडू यांचे बंधू, कवी व नाटककार हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी विवाह केला. विधवेच्या पुनर्विवाहाने समाज खवळला, पण त्यांनी पर्वा केली नाही. हा संसारही पुढे टिकला नाही. मात्र एकदा घेतलेला निर्णय निभावण्याची सवय त्यांना याच वर्षांनी लावली.

१९२६ मध्ये मद्रास प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक त्यांनी लढविली आणि थोड्याच मतांनी त्या पराभूत झाल्या. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा संघटनेच्या कामाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर आली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात स्त्रियांनाही उतरू द्यावे, असा आग्रह त्यांनी महात्मा गांधींपाशी धरला. मुंबईत मिठाच्या पुड्या रस्त्यावर विकणाऱ्या कमलादेवी या शहराने पाहिल्या आहेत. त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला.

स्वातंत्र्य आले ते फाळणीच्या जखमा घेऊन. सहकारी तत्त्वावर निर्वासितांना पायावर उभे करण्यासाठी १९४८ मध्ये त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन स्थापन केली. दिल्लीजवळच्या फरिदाबाद येथे सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो लोकांच्या पुनर्वसनात या संस्थेने काम केले. मदतीवर जगणारा माणूस खचतो आणि कामावर जगणारा सावरतो, हा धडा तिथे मिळाला. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ याच अनुभवात आहे. कारागिराकडे त्यांनी दयेचा विषय म्हणून कधी पाहिले नाही.

१९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढे सुमारे दोन दशके त्यांनी ही धुरा वाहिली. दिल्लीतील सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम या विक्रीकेंद्राचा कारभारही त्याच सुमारास त्यांच्या सहकारी संस्थेकडे आला. एका हाताने कारागीर शोधायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्यासाठी ग्राहक शोधायचा, अशी ही दुहेरी जबाबदारी होती. कार्यालयात बसून अहवाल मागविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या गावोगाव हिंडत, कारागिराच्या घरी बसून काम पाहत, सूत कुठून येते, रंग कसा होतो, माल कोण उचलतो, हे विचारून घेत. भारतीय हस्तकला, भरतकाम आणि गालिचे यांवरील त्यांच्या ग्रंथांमागे अशी भ्रमंती आहे.

या कामाचे मोल कळायचे असेल, तर आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्तीची कलमकारी पाहावी. इथे सुती कापड हिरडा आणि दूध यांच्या मिश्रणात भिजवतात. दुधातील स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही. लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून काळा रंग तयार होतो. बांबूच्या कलमाला गुंडाळलेल्या लोकरीतून तो रंग बोटांच्या दाबाने झिरपतो आणि पुराणकथांची चित्रे उमटतात. तुरटी लावलेल्या भागावर वनस्पतींच्या मुळांचा लाल रंग धरतो. प्रत्येक टप्प्यानंतर कापड वाहत्या पाण्यात धुवावे लागते. एका वस्त्राला कित्येक आठवडे लागतात.

ही कला मरणपंथाला लागली, त्यामागे अर्थकारण होते. १८६९ मध्ये मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त रंग आणि गिरणीतील छापील कापड यांच्यापुढे आठवडे खर्ची घालणारा कारागीर टिकेना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीकालहस्तीत ही विद्या जाणणारे मोजकेच हात उरले होते. १९५७ मध्ये हस्तकला मंडळाने तिथे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. जाणत्या कारागिराला गुरूचे स्थान आणि शिकणाऱ्याला विद्यावेतन, एवढीच ही साधी योजना. पण तिने ही परंपरा तुटू दिली नाही. आज ही कलमकारी देशोदेशी जाते.

सरकारी व्यवस्थेत मात्र एक फट राहिली. विणकर हातमाग मंडळाकडे, चरखा खादीकडे आणि छपाई, भरतकाम हस्तकलेकडे अशी विभागणी झाली. कागदावर ती सोयीची होती. कारागिराच्या अंगणात मात्र सूत, रंग, माग आणि ठसा ही एकच साखळी असते. तिची एक कडी निखळली, की पुढची आपोआप सैल होते. आणखी एक प्रश्न बाजारपेठेचा होता. एम्पोरियमच्या यशाबरोबर शहरी आवडीचे वजन वाढले, आणि कारागिराने ग्राहकाच्या मागे किती जावे, हा पेच उभा राहिला. तो आजही सुटलेला नाही.

१९६४ मध्ये जागतिक हस्तकला परिषदेच्या स्थापनेत कमलादेवींचा पुढाकार होता. १९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९८७ मध्ये पद्मविभूषण. स्वातंत्र्यलढ्यातील एवढी पुण्याई गाठीशी असूनही त्यांनी मंत्रिपद वा राज्यपालपद कधी भूषविले नाही. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या हस्तकला मंडळाला त्यांनी घडविले, ते २०२० मध्ये बरखास्त झाले. दुसरीकडे नैसर्गिक रंग, हाताने विणलेले कापड आणि पर्यावरणस्नेही पेहराव यांची भाषा शहरांत नव्याने बोलली जाऊ लागली. दुकानाच्या काचेमागे ते वस्त्र ऐटीत मिरवते. त्याच्या किमतीतील किती रुपये रंगाऱ्याच्या आणि विणकराच्या हाती पडतात, हा प्रश्न मात्र ग्राहक क्वचितच विचारतो. कमलादेवींनी आधी तोच विचारला असता.