मंदसोरचे शौर्यपदक, मंडालेची मोहीम

रत्नागिरीचा थिबा राजवाडा गोव्यातील अनेकांनी पाहिलेला असतो. ब्रह्मदेशाच्या ज्या राजाला रत्नागिरीत नजरकैदेत आयुष्य कंठावे लागले, त्याला पदच्युत करणाऱ्या सेनानीचे नाव मात्र आज फारसे कोणाला ठाऊक नाही. तो सेनानी म्हणजे सर हॅरी प्रेंडरगास्ट. व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी असलेला एक लष्करी अभियंता.

प्रेंडरगास्टचा जन्म १५ ऑक्टोबर १८३४ रोजी मद्रासला झाला. वडील थॉमस मद्रास इलाख्यात मुलकी अधिकारी होते. परभाषा शिकविण्याच्या त्यांच्या पद्धतीला पुढे इंग्लंडात नाव मिळाले. ॲडिसकोंबच्या कंपनी सरकारच्या लष्करी शाळेतून १८५४ मध्ये हॅरी मद्रास इंजिनीअर्समध्ये दाखल झाला. इराणची मोहीम आटोपते न आटोपते तोच हिंदुस्थानात १८५७ चा वणवा पेटला. पुण्याहून निघालेली फौज औरंगाबादेतून, आजच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील असीरगडावरून महूला पोहोचली होती. तिथून माळव्यातील मोहीम सुरू झाली आणि प्रेंडरगास्ट तीत सामील होता.

२१ नोव्हेंबर १८५७. मंदसोरच्या लढाईत घोडदळाचा लेफ्टनंट ड्यू याच्यावर मागून अवघ्या काही पावलांवर एका विलायती शिपायाने बंदूक रोखली. (विलायती म्हणजे येथे इंग्रज नव्हे; माळव्यात त्या काळी अफगाण भाडोत्री सैनिकांना हा शब्द होता.) प्रेंडरगास्टने त्याच्यावर तलवारीने झेप घेतली. बंदूक सुटली आणि गोळी प्रेंडरगास्टलाच लागली. त्या शिपायाने त्याला कापूनच काढले असते. पण तेवढ्यात मेजर ऑरने शिपायाला ठार केले. ड्यूला वाचविणारा स्वतः दुसऱ्याच्या तलवारीमुळे वाचला, हे सरकारी मानपत्रातही प्रामाणिकपणे नोंदलेले आहे. पुढे राहतगडच्या लढाईतही त्याने पराक्रम गाजविला. १ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या मदतीला आलेल्या तात्या टोप्यांच्या सैन्याशी बेतवाकाठी लढताना तो गंभीर जखमी झाला.

हे पदक त्याला मिळू शकले, त्यामागे एक योगायोग होता. १८५६ मध्ये सुरू झालेला हा क्रॉस कंपनीच्या सैन्याला लागू झाला तो ऑक्टोबर १८५७ मध्ये, मंदसोरच्या जेमतेम तीन आठवडे आधी. त्याच फौजांतील हिंदी शिपायांना मात्र तो १९११ पर्यंत बंदच होता. तितक्याच धैर्याने लढलेल्या त्या सॅपर्सची गणना या यादीत कुठेच नाही.

ॲबिसिनियाच्या मोहिमेत प्रेंडरगास्टने मद्रास सॅपर्सचे नेतृत्व केले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावतीतून आगबोटींचा ताफा घेऊन तो मंडालेवर निघाला. मिन्हला येथे झुंज झाली खरी. पण दोन आठवड्यांतच राजधानी पडली. २९ नोव्हेंबरला थिबा शरण आला आणि राणी सुपयालतसह आगबोटीवर चढला. लढाईपेक्षा हा पराभव घाईत उरकलेला वाटतो. खरी झुंज त्यानंतर गावोगावी पेटली आणि वर्षानुवर्षे चालली.

ती शमविण्याचे काम प्रेंडरगास्टच्या वाट्याला आले नाही. १८८६ मध्येच त्याला ब्रह्मदेशातून परत बोलावण्यात आले आणि पुन्हा रणांगणावरचे नेतृत्व कधी मिळाले नाही. म्हैसूर, बडोदा, बलुचिस्तान अशा ठिकाणी राजनैतिक पदे सांभाळून तो निवृत्त झाला. २४ जुलै १९१३ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे त्याचे निधन झाले. थिबा त्या वेळी रत्नागिरीतच होता.