ग्रेस हॉपर

उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस होते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात एका सरोवराकाठच्या घरी मरे कुटुंब राहावयास आले होते. त्या घरात गजराची सात घड्याळे होती. ठरलेल्या वेळी घड्याळ आपोआप वाजते कसे, असा प्रश्न सात वर्षांच्या ग्रेसला पडला. तिने एक घड्याळ उघडले. त्यातील चाके व कमानी भराभर बाहेर पडल्या आणि काही केल्या पुन्हा जुळेनात. त्या कशा बसवाव्यात हे पाहण्यासाठी तिने दुसरे घड्याळ उघडले, मग तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत सातही घड्याळे खिळखिळी झाली होती. आईने मुलीचे कुतूहल ओळखले. यापुढे उघडावयाचे ते एकच घड्याळ, एवढीच मर्यादा तिने घालून दिली. यंत्र बिघडले तर त्याला भिऊ नये, त्याच्या पोटात काय चालले आहे ते पाहावे, ही वृत्ती ग्रेसच्या अंगी अशी बालपणीच रुजली.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत ती थोरली. वडील विमा व्यवसायात होते. आजारामुळे त्यांना आपले पाय गमवावे लागले होते. मुलींनीही मुलांच्या बरोबरीने शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. ग्रेस हुशार होती, तरी व्हॅसार महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत लॅटिन भाषेत ती नापास झाली. ती खचली नाही. एक वर्ष अधिक अभ्यास करून तिने प्रवेश मिळविला आणि १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी तिचा विवाह झाला. १९३४ साली येल विद्यापीठाने गणितातील संशोधनाबद्दल तिला डॉक्टर ही पदवी दिली. तोवर ती व्हॅसारमध्येच गणित शिकवू लागली होती.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिका ओढली गेली. आपणही देशाच्या कामी पडावे, असे ग्रेसबाईंना वाटू लागले. परंतु नौदलात भरती होण्यासाठी त्यांचे वय अधिक व वजन कमी होते. ठरलेल्या वजनाला सुमारे सात किलो कमी पडत होते. त्यांनी खास परवानगी मिळविली आणि १९४३ च्या डिसेंबरात त्या नौदलाच्या सेवेत दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड एकन यांच्या देखरेखीखाली मार्क-१ नावाचे एक प्रचंड गणकयंत्र काम करीत होते.

आजचा संगणक टेबलावर मावतो. मार्क-१ ची लांबी मात्र ५१ फूट व उंची ८ फूट होती. त्यात लाखो सुटे भाग होते, आणि दर सेकंदाला ते केवळ तीन बेरजा करी. कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. एखादे भोक चुकले, तरी सारे गणित चुके. युद्धाच्या धामधुमीत हे यंत्र रात्रंदिवस चालवावे लागे. नौदल उत्तरांची वाट पाहत असे. त्यामुळे यंत्र अडले, की दोष कोठे आहे हे शोधून काढण्यावाचून गत्यंतर नसे. चूक आज्ञेत आहे की यंत्राच्या भागात, हे आधी ठरवावे लागे. त्यासाठी एकेक भाग क्रमाने तपासावा लागे. या यंत्राची माहिती इतरांना व्हावी म्हणून ग्रेसबाईंनी पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला.

यानंतर मार्क-२ हे यंत्र तयार झाले. त्यात विजेच्या चुंबकाने उघडझाप करणारे हजारो छोटे खटके होते. त्यांना रिले म्हणत. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हे यंत्र नीट चालेना. तंत्रज्ञांनी तपास केला, तेव्हा ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला आढळला. दिव्याभोवती घिरट्या घालणारा हा क्षुद्र कीटक एवढ्या मोठ्या यंत्राला पुरून उरला होता! त्यांनी तो अलगद बाहेर काढला, चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटविला आणि शेजारी त्याची नोंद केली. यंत्रातील दोषाला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्यापूर्वीच पडली होती. येथे मात्र खराखुरा किडा सापडला, याची सर्वांना मोठी गंमत वाटली. तो पतंग ग्रेसबाईंनी स्वतः शोधला नव्हता. पण ही हकिकत त्या पुढे आयुष्यभर आवडीने सांगत. ती नोंदवही आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहे.

पतंग दिसला, म्हणून काढता आला. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका अशा सहज दिसत नाहीत. एका गणितासाठी लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्या गणितासाठी वहीतून उतरवून घेताना माणसे आकडे चुकवीत. हे ग्रेसबाईंच्या ध्यानात आले. १९४९ साली त्या फिलाडेल्फिया येथील एका संगणक कंपनीत गेल्या होत्या. उतरवून घेण्याचे हे कंटाळवाणे काम यंत्रानेच का करू नये, असा विचार त्यांनी केला. १९५२ साली त्यांनी तशी योजना तयार केली. तिला कंपायलर म्हणतात. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, असे मानणाऱ्या पुष्कळांचा यावर विश्वास बसेना. ग्रेसबाईंनी वाद घालीत न बसता ते प्रत्यक्ष करून दाखविले. पुढे इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येईल अशी भाषाही त्यांनी तयार केली. १९५९ साली कोबोल या प्रसिद्ध संगणकभाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिचा मोठा आधार घेण्यात आला.

नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि गरज पडताच पुन्हा बोलावून घेतले. अखेर १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर ॲडमिरल या मोठ्या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. उतारवयातही तरुणांना शिकविण्याचा त्यांचा उत्साह मावळला नाही. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त किती अंतर जाईल, हे दाखविण्यासाठी त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटीत. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९६ साली अमेरिकेच्या एका युद्धनौकेला त्यांचे नाव देण्यात आले.

आज घरोघरी संगणक आहेत. कधी तो काम करता करता थिजतो, कधी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी आपण चिडतो, त्याला थापटतो, किंवा घरातील कोणा धाकट्यावर आळ घेतो. तसे न करता तो केव्हा थांबतो, त्या वेळी काय चालू होते, हे वहीत लिहून ठेवावे. आतल्या पंख्यावर धूळ साचून यंत्र तापले असेल, एखादी तार सैल झाली असेल, किंवा नव्याने घातलेल्या आज्ञावलीत दोष असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. म्हणजे दोष कोठे आहे, ते कळते. यंत्र उघडावयाचे झाल्यास वडीलधाऱ्यांना सांगून, वीज बंद करूनच उघडावे. सात घड्याळे एकदम उघडणाऱ्या मुलीला तिच्या आईने हेच शिकविले होते, की एका वेळी एकच घड्याळ पुरे!