कोलंबस आणि नाताळच्या रात्री रुतलेले जहाज

ख्रिस्तोफर कोलंबसचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या ‘सांता मारिया’ जहाजातून त्याने अटलांटिक महासागर ओलांडला, ते स्पेनला परतलेच नाही, हे फार थोड्यांना माहीत असावे.

इटलीतील जिनोआ येथे एका विणकराच्या घरी १४५१ च्या सुमारास तो जन्मला. राणी इझाबेला व राजा फर्डिनांड यांच्या आश्रयाने ३ ऑगस्ट १४९२ रोजी तो तीन जहाजांनिशी पालोस बंदरातून निघाला आणि १२ ऑक्टोबरला बहामा बेटांना लागला. २४ डिसेंबरच्या रात्री सांता मारिया आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळून जात होते. समुद्र शांत होता. दोन दिवस डोळ्याला डोळा न लागलेला कोलंबस झोपी गेला. सुकाणूधारी खलाशानेही सुकाणू एका पोराच्या हाती सोपवले आणि तो आडवा झाला. पोराच्या हाती सुकाणू देऊ नये, ही कोलंबसची सक्त ताकीद होती. मध्यरात्रीच्या सुमारास जहाज अलगद वाळूच्या दांड्यावर चढले.

आपल्या कोळी बांधवांना पुढचे सांगायला नको. होडीने मागे जाऊन खोल पाण्यात नांगर टाकायचा व त्याच्या दोराने जहाज ओढून काढायचे. कोलंबसने नेमका हाच हुकूम दिला. पण होडीतले लोक थेट ‘निन्या’ जहाजाकडे पळाले. तिथल्या खलाशांनी त्यांना वर घेतले नाही! इकडे ओहोटी लागली, जहाज कलंडले, डोलकाठी तोडूनही ते हलके होईना. फळ्यांचे सांधे उघडले.

तेथील तायनो लोकांचा प्रमुख ग्वाकानागारी याने आपल्या होड्या व माणसे धाडून सगळा माल किनाऱ्यावर आणविला व त्यावर पहारा बसविला. काहीही गहाळ झाले नाही. यजमानाचा हा धर्म ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या माणसांनी पाळला, हे आम्हांस विशेष वाटते. कोलंबसला मात्र या अपघातात ईश्वरी योजना दिसली. जहाजाच्या लाकडांतून ‘ला नाव्हिदाद’ म्हणजे ‘नाताळ’ नावाचा कोट उभारून त्याने ३९ माणसे तेथे ठेविली. नोव्हेंबर १४९३ मध्ये तो परतला तेव्हा कोट जळालेला होता व एकही माणूस जिवंत नव्हता. सोने व स्त्रिया यांच्या लोभापायी त्यांनी आपसांत भांडणे केली आणि स्थानिकांचा रोष ओढवून घेतला होता. १४९५ साली कोलंबसने शेकडो तायनो गुलाम म्हणून स्पेनला धाडले. ज्यांनी त्याचा माल वाचविला, त्याच लोकांची ही परतफेड!

१५०३ च्या जूनमध्ये, चौथ्या सफरीत, किड्यांनी पोखरलेली दोन जहाजे त्याने जमैकाच्या किनाऱ्यावर स्वतःहून वाळूत चढविली व तेथे वर्षभर अडकून पडला. २० मे १५०६ रोजी वायादोलिद येथे त्याचे निधन झाले.

एकोणिसाव्या शतकात त्याला संतपद मिळावे म्हणून अनेकांनी रोमकडे विनंती केली. ती मान्य झाली नाही, हे योग्यच झाले असे आम्हांस वाटते. अर्थात पोप लिओ तेरावे यांनी १८९२ साली एका परिपत्रकाद्वारे त्याचा गौरव केला होता, हेही नमूद करावयास हवे.

२०१४ साली हैतीजवळ सांता मारियाचे अवशेष सापडल्याची बातमी आली. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा ते जहाज पुष्कळ नंतरचे निघाले.