कोकणचे गांधी : अप्पासाहेब पटवर्धन

गांधीजींची आत्मकथा मूळ गुजराती. तिचा मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी केला. त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. तत्त्वज्ञानात एम.ए. होऊन ते पुण्यात प्राध्यापक झाले. पण नोकरी सोडून गांधीजींकडे गेले.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला काढण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असे. ते आपल्यालाही मिळावे म्हणून अप्पासाहेबांनी उपोषण केले. येरवडा तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना उपोषणाने साथ दिली.

१९४८ साली त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापला. तेथे मैल्याचे सोनखत आणि पुढे गॅसही केला. बंद टाकीत, हवेवाचून जिवाणू घाण कुजवतात. प्रथम आम्ले व हायड्रोजन निर्माण होतात. मग दुसरे जिवाणू त्यांपासून मिथेन बनवतात. तो चुलीत जळतो. दुसरे जिवाणू रोखून हायड्रोजनच इंधन म्हणून मिळवण्याचे प्रयोग आज शास्त्रज्ञ करीत आहेत.

आपल्या सुरतेतही महानगरपालिकेने २००३ साली अंजना येथे सांडपाण्याच्या गॅसवर वीजनिर्मिती सुरू केली.

१० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेब निवर्तले. कोणतीही घाण निरुपयोगी नाही आणि ती उचलणारा हलका नाही, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. कतारगामच्या प्रत्येक घरी ओला कचरा वेगळा ठेवावा आणि तो नेणाऱ्या काका-मावशींना आदराने हाक मारावी, हीच त्यांना आदरांजली!